वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर ब्राउझर कुठला: प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर २०२५

कार्यकारिणीच्या बैठकीत काम गळ्यात पडलं. सूचना एका ओळीची: "क्रोम जुना झालाय, मुलांचे फॉर्म अडतात, काय ते बघ."

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं आमचं वाचनालय. पाच कॉम्प्युटर, त्यातल्या तिघांवर विंडोज ७ आणि दोघांवर विंडोज १०. विंडोज ७ वरचा क्रोम १०९ या आवृत्तीवर थांबला आहे आणि पुढे जाणारही नाही, कारण फेब्रुवारी २०२३ मध्ये ११० आला तेव्हा गुगलने विंडोज ७ आणि ८.१ दोन्ही सोडून दिलं. म्हणजे "अपडेट करा" अशी पाटी रोज येते आणि करायला काही नसतं. विंडोज १० चा आधारही मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबरला संपवला. त्यावर क्रोम अजून चालतो, पण वारा कुठे वाहतोय ते कळतंच.

ब्राउझर निवडायच्या आधी इथे लोक करतात काय, ते काउंटरमागे बसून पाहिलं. सकाळी ज्येष्ठ मंडळी ई-पेपर वाचतात. दुपारी मुलं, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि हॉलतिकिटं. संध्याकाळी कामावरून येणारे: वीजबिल, रेल्वेचं तिकीट, जमिनीचा एक-चौदाचा उतारा. तपासणी याच कामांवर करायची. वेग मोजणाऱ्या चाचण्या आमच्या उपयोगाच्या नाहीत, इथे ब्राउझरच्या आधी लाइन थकते.

५ नोव्हेंबर

ब्राउझर राहिला बाजूला, आधी साफसफाई. विंडोज १० च्या एका यंत्रावर क्रोममध्ये कुण्या वाचकाचं गुगल खातं चालूच होतं. सेव्ह केलेल्या पासवर्डांची यादी उघडली आणि लगेच मिटली. ईमेल, रेल्वे, एक बँकसुद्धा. कितीतरी वेगवेगळ्या माणसांचे.

इथे हात शिवशिवतो सगळं निवडून डिलीट करायला. ते करायचं नाही. सिंक चालू असेल तर इथे पुसलेला पासवर्ड त्या माणसाच्या खात्यातूनही पुसला जातो, म्हणजे घरी त्याच्या फोनवरूनही जातो. म्हणून प्रोफाइलच या यंत्रावरून काढून टाकलं. इथला साठा गेला, त्याच्या खात्यातला शाबूत राहिला. ग्रंथपाल ताईंनी फळ्यावर लिहिलं: "ज्यांनी येथील संगणकावर पासवर्ड सेव्ह केला असेल त्यांनी तो कृपया बदलावा." फळ्याखाली दिवसभर घोळका. निम्म्यांना आपण तो सेव्ह केला होता हेच माहीत नव्हतं. उजवीकडून खिडकी येते, "सेव्ह?" विचारते, माणूस घाईत हो म्हणतो.

नव्या ब्राउझरची पहिली अट इथेच ठरली: त्याने हे विचारूच नये.

८ नोव्हेंबर

उमेदवार: एज, ब्रेव्ह, विवाल्डी, ऑपेरा, फायरफॉक्स, लिब्रवुल्फ. नावं सहा, पण बॉनेट उघडलं तर इंजिनं, म्हणजे वेबपान पडद्यावर मांडणारे आतले भाग, दोनच.

पहिले चार क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्याच खुल्या पायावर, उभे, इंजिन ब्लिंक. या ब्लिंकचं कूळ गमतीचं आहे. १९९८ च्या सुमारास केडीई या मुक्त प्रकल्पातल्या लोकांनी केएचटीएमएल लिहिलं. त्यावरून ॲपलने वेबकिट केलं आणि २००३ मध्ये सफारी आणला. गुगलने क्रोम २००८ मध्ये वेबकिटवरच काढला आणि एप्रिल २०१३ मध्ये वेगळी चूल मांडली, तेच ब्लिंक. त्याच वर्षी ऑपेराने स्वतःचं प्रेस्टो टाकून दिलं. जानेवारी २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टनेही स्वतःचं इंजिन सोडून एज क्रोमियमवर आणला. राहिलं गेको, फायरफॉक्सचं इंजिन, नेटस्केप या जुन्या ब्राउझरच्या घराण्यातलं. फायरफॉक्स १.० ला उद्या, ९ नोव्हेंबरला, एकवीस वर्षं होतील. लिब्रवुल्फ त्याचाच कडक अवतार.

इंजिनाने आम्हाला काय फरक पडतो? पडतो. ॲड-ऑनना, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायच्या छोट्या प्रोग्रामना, काय करू द्यायचं याचे नियम गुगलने बदलले, तेच ते मॅनिफेस्ट व्ही३. जुन्या नियमांत जाहिरात अडवणारं ॲड-ऑन प्रत्येक मागणी स्वतः तपासून थांबवू शकायचं. नव्यात त्याने यादी आधीच ब्राउझरकडे द्यायची आणि थांबवायचं काम ब्राउझरने करायचं. यूब्लॉक ओरिजिनसारखं जुन्या पद्धतीचं ॲड-ऑन क्रोममध्ये टप्प्याटप्प्याने बंद पडलं. कंपन्यांसाठी ठेवलेली पळवाटही यंदा १३९ व्या आवृत्तीत मिटली. आता त्याची लाइट आवृत्ती मिळते, ती बरी आहे, पण तेवढी नाही. फायरफॉक्सने जुनी पद्धत चालू ठेवली आहे. ब्रेव्ह आणि विवाल्डी यांनी जाहिरात अडवणारं यंत्र ब्राउझरच्या पोटातच घातलं, म्हणून त्यांना ही झळ लागत नाही. पण वरच्या मजल्यावर रंग कुठला द्यायचा हे त्यांच्या हातात, पाया गुगलच्या.

एकेकाबद्दल माझं मत:

ब्रेव्ह चांगला आहे. जावास्क्रिप्ट लिहिणारे ब्रेंडन आइक यांचाच तो. पण नव्या टॅबवर रिवॉर्ड्स आणि वॉलेट. वाचनालयात कुठेही "मिळवा" असं दिसलं की मुलं तिथेच घुटमळणार. ते बंद करता येतं, मात्र दर आवृत्तीत नवं काय आलं ते बघत बसायला आमच्याकडे माणूस नाही. विवाल्डी माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर आहे. ऑपेराचे एक संस्थापक यॉन फॉन टेट्श्नर यांनी काढलेला, आणि हवं ते हवं तिथे सरकवता येतं. नेमकं त्यामुळेच सार्वजनिक यंत्रावर नको. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी टॅबची पट्टी तळाला नेऊन ठेवील. ऑपेराच्या बाजूच्या पट्टीत फारच दुकानं. लिब्रवुल्फ इतका संशयी की फॉर्म अडतात.

पहिला फायरफॉक्स, दुसरा एज. एज निवडावा लागलाच नाही, विंडोज १० वर तो आहेच.

९ नोव्हेंबर

चार जीबी मेमरी असलेल्या यंत्रावर दोघांना तेच ई-पेपर, तीच बातम्यांची पानं, तोच व्हिडिओ दिला. टास्क मॅनेजरमध्ये सांगण्यासारखा फरक नाही. "फायरफॉक्स हलका" ही ऐकीव गोष्ट. दोघेही आता प्रत्येक साइट वेगळ्या प्रक्रियेत ठेवतात, सुरक्षेसाठी, आणि त्याची किंमत मेमरीत मोजतात. फरक पडला तो यूब्लॉक ओरिजिन चालू केल्यावर. बातमीचं पान उघडून स्थिर व्हायला लागणारा वेळ डोळ्यांना कळेल इतका कमी.

१२ नोव्हेंबर

तिसऱ्या नंबरच्या यंत्रावर नवा फायरफॉक्स घातला तर एकही साइट उघडेना. प्रत्येक ठिकाणी प्रमाणपत्राचा इशारा. ताई म्हणाल्या, "नवा आणलास आणि हे?" इशाऱ्याखाली बारीक अक्षरांत कारण दिलेलं होतं: तुमच्या कॉम्प्युटरचं घड्याळ चुकलेलं दिसतं. पाहिलं तर तारीख २००९ ची. यंत्र बंद असताना घड्याळ चालतं ठेवणारी मदरबोर्डवरची चपटी बॅटरी संपलेली. साइटची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राला "अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत" अशी मुदत असते. यंत्र २००९ मध्ये बसलेलं असेल तर त्याच्या लेखी २०२५ चं प्रमाणपत्र अजून जन्मायचंच आहे. याच यंत्रावरचा क्रोमही हेच सांगत होता म्हणे, पण "तरीही पुढे जा" वर क्लिक करायची सगळ्यांना सवय लागली होती. घड्याळापेक्षा ही सवय वाईट.

कॅबिनेट उघडलं तर आत खाणीच्या धुळीचा तांबडा थर. ब्रश मारला, साखळी गावातल्या घड्याळवाल्याकडून सीआर २०३२ आणली, विषय मिटला.

१५ नोव्हेंबर

आजची नोंद मास्तरांमुळे. निवृत्त हेडमास्तर, सकाळच्या पाळीचे अध्यक्षच म्हणा. त्यांची जुनी तक्रार: "अक्षर मोठं केलं की पान उजवीकडे पळतं. एक ओळ वाचायला मान दोनदा फिरवायची?"

क्रोममध्ये कंट्रोल आणि अधिकचं बटण दाबलं की चित्रं, मेनू, जाहिराती असं सगळंच फुगतं. फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये झूमपाशी एक खूण आहे, फक्त मजकूर मोठा करण्याची. ती लावली. मास्तरांनी बातमी दीडपट केली, चित्रं जागच्या जागी राहिली, ओळी मोडून खाली आल्या. "असं सांगायचं होतं ना आधी," म्हणाले, जणू मी गेली दहा वर्षं लपवून ठेवलं होतं. काही साइटी याने विस्कटतात, मेनूतले शब्द एकमेकांवर चढतात. त्यांच्यासाठी एफ ९ दाबून वाचनाचं साधं पान उघडायचं. तशी सोय आता क्रोममध्येही बाजूच्या पट्टीत आहे, हे सांगायला हवं.

यातला कुठलाच उपाय ई-पेपरला लागू नाही. तिथे छापील पानाचं चित्रच असतं, त्याला भिंगच लागतं.

मग फॉन्ट. फायरफॉक्समध्ये फॉन्टच्या प्रगत सेटिंग्जमध्ये लिपीवार यादी आहे आणि त्यात देवनागरी वेगळी. रोमनला एक फॉन्ट, देवनागरीला दुसरा, आकारही वेगळा, आणि "याहून बारीक कधीच नको" अशी किमान मर्यादा. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये असं लिपीगणिक काही नाही. विंडोज ७ वर देवनागरी म्हणजे मंगल, आणि मंगलमध्ये ल उभ्या दांड्याचा, श हिंदी वळणाचा. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या आदेशातली रूपं म्हणजे पाकळीचा ल आणि देठाचा श. आम्ही शाळेत गिरवली तीही हीच. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा फॉन्ट बसवला, देवनागरीला तो नेमला, किमान आकार वाढवला. ज्या साइटी स्वतःचा फॉन्ट पाठवतात तिथे अर्थात त्यांचंच चालतं. बाकी ठिकाणी मात्र "लाल" हा शब्द नीट दिसायला लागला. मास्तरांनी चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून पाहिलं आणि पुढच्या बातमीला गेले. त्यांच्याकडून एवढी दाद पुष्कळ झाली.

माझ्यापुरती निवड इथेच पक्की झाली.

१९ नोव्हेंबर

फॉर्मांची तपासणी. बहुतेक सगळं फायरफॉक्सवर निमूट चाललं: वीजबिल, तिकीट, उतारा डाउनलोड, छपाई. एका अर्जाच्या पोर्टलवर मात्र लाल पट्टी: "कृपया क्रोम वापरा." पुढचं बटणच मेलेलं.

ब्राउझर प्रत्येक साइटला स्वतःची ओळख एका ओळीत सांगतो. ती ओळख बदलणारं ॲड-ऑन लावून फायरफॉक्सला क्रोमचं सोंग दिलं. अर्ज शेवटपर्यंत भरला गेला, फोटो चढला, पावती आली. म्हणजे अडचण तांत्रिक नव्हतीच. कुणीतरी पाटी लावून ठेवली होती.

सोंगाची ही परंपरा जुनी आहे. आजही झाडून सगळे ब्राउझर त्या ओळीच्या सुरुवातीला स्वतःला "मोझिला/५.०" म्हणवतात. मोझिला हे मूळचं नेटस्केपचं आतलं नाव. तेव्हा साइटी चांगलं पान फक्त त्यालाच द्यायच्या, म्हणून इंटरनेट एक्स्प्लोररने तेच नाव लावलं. पुढे केएचटीएमएलने "गेकोसारखा" अशी पुस्ती जोडली, क्रोमने त्यावर सफारीचं नाव चढवलं. आज क्रोमची ओळ वाचली तर त्यात चार घराण्यांची नावं सापडतात.

मुलांना सोंगाचं ॲड-ऑन शिकवत बसणार नाही. त्या पोर्टलसाठी एज.

२३ नोव्हेंबर

कार्यकारिणीपुढे मांडलं. मास्तरांनी पहिल्याच वाक्यात गाठलं: "फायरफॉक्सवाल्यांना पैसे कोण देतं?"

गुगल. बहुतांश तेच. शोधयंत्र म्हणून गुगल ठेवण्याबद्दल.

"मग वेगळेपण कसलं?"

प्रश्न रास्त आहे. अमेरिकेच्या खटल्यात न्यायाधीश अमित मेहता यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये गुगलची शोधातली मक्तेदारी बेकायदा ठरवली. उपाय काय यावर सप्टेंबर २०२५ चा निकाल असा की क्रोम विकायला नको, आणि शोधयंत्र ठेवण्याबद्दल पैसे देणंही बंद नको. ते पैसे बंद झाले असते तर गुगलपेक्षा मोझिलाचीच झोप जास्त उडाली असती. मी एवढंच म्हटलं की पैसे कुणाचेही असोत, इंजिन त्यांचं स्वतःचं आहे, ॲड-ऑनचे नियम त्यांचे स्वतःचे आहेत, आणि कुठल्या प्रमाणपत्र-संस्थेवर विश्वास ठेवायचा ती यादीसुद्धा त्यांची स्वतःची.

यादीवरून एका सदस्याने स्वदेशी ब्राउझरचा विषय काढला. केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने २०२३ मध्ये त्यासाठी स्पर्धा जाहीर केली. मार्च २०२५ मध्ये निकाल लागला, पहिलं एक कोटीचं बक्षीस झोहोला. स्पर्धेची एक अट होती भारताच्या सीसीएचं, म्हणजे प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांवरच्या सरकारी नियंत्रकाचं, मूळ प्रमाणपत्र ब्राउझरच्या विश्वासू यादीत असण्याची. त्यामागे इतिहास आहे: जुलै २०१४ मध्ये सीसीएच्या छत्राखालच्या एनआयसी या सरकारी संगणक केंद्राकडून गुगलच्या नावांची अनधिकृत प्रमाणपत्रं निघाल्याचं उघड झालं आणि ती रद्द करावी लागली. फायरफॉक्सला तेव्हा धक्का लागला नाही, कारण त्याच्या यादीत सीसीए नव्हतंच. झोहोचा उला मी लावून पाहिला आहे, नीटनेटका आहे. पण तोही क्रोमियमवर. इंजिनाच्या हिशेबात आकडा दोनच राहतो.

जाहिरातींवर जास्त वाद झाला. "पेपरवाल्यांनी जगायचं कशावर?" हा मुद्दा आमच्यासारख्या संस्थेने हसण्यावारी नेऊ नये. दुसरीकडे "डाउनलोड" असं लिहिलेली खोटी हिरवी बटणं. उताऱ्याऐवजी भलतंच ॲड-ऑन घेऊन बसलेली माणसं मी पाहिली आहेत. ठरलं ते असं: यूब्लॉक चालू, आपल्याकडच्या मराठी दैनिकांच्या साइटी त्यातून वगळायच्या.

२९ नोव्हेंबर

घरी बसून पॉलिसीची फाइल लिहिली. फायरफॉक्सच्या फोल्डरमध्ये "डिस्ट्रिब्युशन" नावाचं फोल्डर करायचं, त्यात "पॉलिसीज डॉट जेसन" ठेवायची. नियम एकदाच लिहायचे, पेनड्राइव्हने पाचही यंत्रांवर उतरवायचे. लिहिलेलं: पासवर्ड सेव्ह करायचं विचारू नको. फॉर्ममध्ये आधीच्या माणसाचं नाव-पत्ता सुचवू नको. ब्राउझर बंद होताच कुकी, इतिहास, लॉगिन पूस. खात्यात साइन-इन बंद. यूब्लॉक आपोआप बसव, कुणाला काढता येऊ नये. स्वल्पविराम चुकला तर फाइलच वाचली जात नाही, म्हणून पत्त्याच्या पट्टीत "अबाउट:पॉलिसीज" लिहून लागू झालेले नियम पाहून घ्यायचे.

राहते एक फट. पुसणं होतं ते ब्राउझर बंद केल्यावर. माणूस खिडकी उघडी टाकून चहाला गेला तर काही पुसलं जात नाही. ताईंचा उपाय: उठणाऱ्याला त्या काउंटरवरून "बंद केलंत का?" असं विचारतात. याहून चांगली पॉलिसी मला लिहिता आली नाही.

६ डिसेंबर

बदल केला. सकाळच्या पाळीची पहिली हाक: "म्हजो पेपर खंय गेलो रे?"

पेपर तिथेच होता, डेस्कटॉपवरचं रंगीत गोल चिन्ह गेलं होतं. लोकांच्या लेखी ते चिन्ह म्हणजेच इंटरनेट. फायरफॉक्सच्या शॉर्टकटचं नाव बदलून "इंटरनेट" केलं आणि चिन्ह होतं त्याच जागी ठेवलं. एजचं नाव "फॉर्म अडल्यास". दुपारपर्यंत गलका शांत.

दैनिकांच्या बुकमार्कचा क्रम ठरवताना मात्र ब्राउझरच्या निवडीला लागला नाही एवढा वेळ गेला. प्रत्येकाला आपला पेपर पहिला. ताईंनी अकारविल्हे लावून टाकला: गोमन्तक, गोवन वार्ता, तरुण भारत, नवप्रभा, पुढारी, लोकमत. लोकमतवाले अजून नाराज.

मेनू मराठीत करून पाहिले. मास्तरांना आवडले, मुलांना त्यात डाउनलोडचं फोल्डर सापडेना. दारालगतच्या दोन यंत्रांवर मराठी, बाकी इंग्रजी.

१४ डिसेंबर

वाचनालयाच्या जुन्या स्मरणिकेची वेबपानं एका सीडीवर सापडली. कुठल्याही ब्राउझरमध्ये नुसती रोमन अक्षरांची खिचडी. युनिकोडच्या आधीचं काम: रोमन अक्षराच्या जागी देवनागरी आकार बसवलेला फॉन्ट. सीडीवर त्याची फाइल होती. ती विंडोजमध्ये बसवताच अक्षरं उमटली. पण शोध चालत नाही, कॉपी केलं की पुन्हा खिचडी. पूर्वी फायरफॉक्ससाठी "पद्म" नावाचं ॲड-ऑन होतं, ते अशी पानं जागच्या जागी युनिकोडमध्ये दाखवायचं. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्स ५७ ने जुन्या धाटणीची सगळीच ॲड-ऑन मोडीत काढली, त्यात तेही गेलं. म्हणजे ॲड-ऑनवर कुऱ्हाड चालवण्यात गुगल एकटं नाही. मजकूर आता कन्व्हर्टरमधून काढायचा आणि हाताने तपासायचा. रफार आणि जोडाक्षरं हमखास घोटाळा करतात.

१९ डिसेंबर

गोवा मुक्तिदिन, झेंडावंदनानंतर वाचनालय रिकामं. विंडोज ७ वर सध्या फायरफॉक्स ११५ ईएसआर, म्हणजे लांब मुदतीची आवृत्ती, आहे. या जुन्या विंडोजसाठी मोझिला त्याची मुदत पुन्हा पुन्हा वाढवत आलं आहे, पण ती कधीतरी संपणारच. तिसऱ्या यंत्रावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम आधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहिलं, मग बसवलं. फायरफॉक्स त्यात येतोच. पॉलिसीची तीच फाइल "ईटीसी" मधल्या फायरफॉक्सच्या फोल्डरात ठेवली, अक्षर न बदलता लागू झाली. एज मुद्दाम घातला नाही, नुसतं क्रोमियम ठेवलं. प्रिंटर ओळखला, पण दोन्ही बाजूंना छापायला तयार नाही.

४ जानेवारी २०२६

तिसऱ्या यंत्रावर बसणाऱ्यांपैकी कुणी विंडोज गेल्याचं विचारलं नाही. "इंटरनेट" चिन्ह आहे ना, बस. प्रिंटर मात्र रोज विचारतात.

उरलेलं: पहिल्या आणि दुसऱ्या यंत्रावर मिंट, त्याआधी प्रिंटरचा ड्रायव्हर. "फक्त क्रोम" म्हणणाऱ्या त्या पोर्टलला ताईंच्या सहीने पत्र, सोबत फायरफॉक्समधून भरलेल्या अर्जाच्या पावतीची प्रत. स्मरणिकेची पानं मास्तर तपासत आहेत, नवव्या पानावर पोचलेत.